बालपणी निवर्तली

चोवीस वर्षांची असताना मी एका जिवंत बाईला मारलं. काळ्या शाईच्या पेनाने.

माझ्या सासऱ्यांनी निवृत्तीनंतर घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला घेतला होता. माझं अक्षर चांगलं, म्हणून पक्की प्रत काढायचं काम नव्या सुनेकडे आलं. अक्षर मोत्यासारखं आणि अक्कल कच्च्या बटाट्यासारखी, अशी ती सून. सासऱ्यांच्या सगळ्यांत धाकट्या बहिणीने जातीबाहेर लग्न केलं होतं. ती चार बसथांबे पलीकडे राहायची, शाळेत शिकवायची, पण घरात तिचं नाव निघत नसे. तिच्या ओळीपाशी आल्यावर सासरे म्हणाले, "ती जागा कोरी सोड."

सून हुशार ना. मी म्हटलं, "मामंजी, कोरी जागा दिसली की लोक विचारत बसतात. त्यापेक्षा 'बालपणी निवर्तली' असं लिहू का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला, आणि मान डोलावली. मी लिहिलं. त्या दुपारी मला झोपही छान लागली. पुस्तक छापून नातेवाइकांत वाटलं गेलं. आत्याबाईंच्या हाती ते पडलं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. त्या अजून आहेत, पुण्यातच आहेत, असं अधूनमधून कानावर येतं.

मुलगा इथे डॉक्टर, म्हणून मी आयर्लंडमध्ये, पोर्टलीशला. शेजारचे म्हातारबुवा जनावरांचे निवृत्त डॉक्टर. त्यांचं घराणं मूळचं इंग्लंडचं, चारशे वर्षांपूर्वी इथे आलेलं. गावातले लोक अजून त्यांना चिडवतात, तुम्ही काय, कालचे पाहुणे. त्या हिशोबाने मी अजून विमानातच आहे. त्यांचं बोलणं इथे माझ्या मराठीत देते, कारण त्यांचं इंग्रजी अर्धं त्यांच्या तोंडातच राहतं.

गेल्या वर्षी त्यांनी मला चहाला बोलावलं. एरवी ते कुंपणावरून 'ग्रँड', म्हणजे छान, एवढंच म्हणतात, तेव्हा चहा म्हटल्यावर मी सावधच गेले. जेवणाच्या टेबलावर वॉलपेपरची गुंडाळी उलटी पसरलेली, आणि तिच्यावर त्यांची वंशावळ. सगळ्यांत वर इंग्लंडातला एक जमीनदार. त्याच्या धाकट्या मुलाला इथे जमीन मिळाली.

"मिळाली म्हणजे? आधी कोणाची होती?" मी विचारलं.

"ज्यांची होती त्यांना कोणी विचारलं नाही," ते म्हणाले आणि माझ्या कपात न विचारता दूध ओतलं.

पुढे एक फांदी बार्बाडोसला गेलेली, उसाच्या मळ्यावर. दुसरी हिंदुस्थानात, पलटणीबरोबर, थेट पुण्याच्या कॅम्पात. त्या फांदीच्या टोकाला एक मुलगी, आणि तिच्यापुढे फक्त 'लहानपणी वारली'.

घोटाळा तिथेच होता. अहमदनगरहून कोणी एक बाई त्यांना ईमेल करत होती की 'ती मुलगी माझी पणजी'. ऑगस्टमध्ये जगभरातले चुलत भाऊबंद जमणार होते, हॉलच्या भिंतीवर ही वंशावळ लागणार होती, आणि त्या बाईला तिच्यावर पणजीचं नाव नीट हवं होतं.

"तिला खरं काय हवंय?" ते म्हणाले. "पासपोर्ट? तुम्ही तिकडच्या. तुम्हाला खोटं ओळखू येईल."

मला खोटं ओळखू येतं, हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. बाईच्या ईमेलखाली नंबर होता, मी तिथूनच फोन लावला.

"तुम्ही त्यांच्या कोण?" बाईंनी आधी मलाच विचारलं.

"शेजारीण."

"शेजारणीला कशाला पुढे केलंय? मराठीतलं खोटं पकडायला?"

"हो," मी म्हटलं. आणखी काय म्हणणार?

त्या हसल्या नाहीत. "मग ऐका, ताई. चारदा लिहिलंय, पाचव्यांदा सांगते. माझी पणजी आमच्या कब्रस्तानात आहे. दगडावर तिच्या बापाचं पूर्ण नाव आहे, फोटो पाठवलाय. मिशनच्या शाळेतल्या मराठी मास्तरांशी लग्न केलं तिने. सात लेकरं झाली, ऐंशीच्या पुढे जगली. आणि यांच्या कागदावर ती लहानपणीच मेली. मग आम्ही कोण? भुतं?"

"पासपोर्टचं काही..." माझ्यातली संशयी म्हातारी गप्प बसेना.

"माझ्या पोरांना पुण्याहून नगरला यायला होत नाही. तुमच्या त्या पावसात कशाला मरायला येतील?"

फोन ठेवून मी सगळं म्हातारबुवांना सांगितलं. ते म्हणाले, "दगडावर कोणीही काहीही कोरून घेईल. आमची नोंद घरच्या वहीत, माझ्या पणजोबांच्या हातची आहे. ती त्यांची सख्खी पुतणी. ते खोटं लिहिणार नाहीत."

"वही दाखवा," मी म्हटलं.

पणजोबा मोठे शिस्तीचे. घरात गेलेल्या प्रत्येक तान्ह्या बाळाची तारीख, आजार, कुठल्या चर्चमध्ये पुरलं, सगळं होतं. एका तपकिरी घोड्याला पोटशूळ होऊन तो कोणत्या वारी सकाळी मेला, तेही होतं. या पुतणीपुढे मात्र तेवढे दोनच शब्द. तारीख नाही, आजार नाही, माती नाही. समास सोडून, सुंदर अक्षरात.

ती जागा मी ओळखत होते. कोरी राहिली असती तर लोकांनी विचारलं असतं.

"घोड्याचा वार लिहिलाय," मी म्हटलं, "आणि पोरीचा नाही. तुमच्या पणजोबांना ती मेल्याचं माहीत नव्हतं, कारण ती मेली नव्हती. तिचं लग्न झालं होतं."

"हे तुम्हाला कसं कळणार?" आता त्यांना माझाच संशय यायला लागला होता. माझं आणि नगरच्या बाईचं आधीच संगनमत आहे की काय, असा चेहरा.

मग मला सांगावंच लागलं. सासरे, कुलवृत्तांत, चार बसथांबे, आत्याबाई. कोरी जागा सोडायला सांगितली असताना ते शब्द मीच सुचवले, हेही सांगितलं. पन्नास वर्षांत हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं कोणाला, तर गाईंच्या डॉक्टरला.

उठून प्रेसमधून, म्हणजे आपल्या कपाटातून, त्यांनी जुनं ऑपरेशनचं पातं काढलं. वॉलपेपरवर वाकून ते दोन शब्द असे हलक्या हाताने खरवडले की कागद फाटला नाही. मग पेन माझ्यापुढे धरलं. "तुमचं अक्षर चांगलं आहे ना? लिहा."

मी लिहिलं. ईमेलमधून बघून मास्तरांचं नाव, सात लेकरं, खाली उतरत उतरत नगरच्या बाईंपर्यंत. अक्षर काही मोत्यासारखं आलं नाही. शाई वाळावी म्हणून त्यांनी तिच्यावर फुंकर घातली. मग, गाईच्या तोंडातले दात बघावेत तसे माझ्याकडे निरखून बघत, त्यांनी विचारलं, "आणि ती तुमची आत्या, ती अजून मेलेलीच आहे का?"