देवीच्या जागेवरचा नारळ

पुरावा मी खाल्ला. खात्यात पुरावा गहाळ करणारे पुष्कळ झाले. चावून खाणारा बहुधा मी एकटाच. त्या दिवसाचा विषय निघाला की अजूनही दाढेत खोबरं अडकल्यासारखं वाटतं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. कल्याणला खाडीकाठच्या एका पोलीस ठाण्यात मी फौजदार होतो. साहेब रजेवर, त्यामुळे चार्ज माझ्याकडे. मी देव मानत नाही. दसऱ्याला ठाण्यातल्या रायफलींना हळदकुंकू लावायचो ते ड्युटी म्हणून. मनात मात्र गुर्मी होती, की धर्माच्या भांडणात माझ्याइतका तटस्थ अधिकारी जिल्ह्यात शोधून सापडणार नाही.

सकाळी कोळीवाड्यातून निरोप आला, गावदेवीचा पितळी मुखवटा गेला. पोचलो तर देवळाबाहेर बायका रडत होत्या. "सायेब, आमची आय कुनी नेली!" पूजेला आलेल्या म्हातारीने दारातूनच पाहून हाक मारली होती, आत कोणी पाऊल टाकलं नव्हतं. पंचांना घेऊन आम्ही गाभाऱ्यात गेलो. मुखवट्याच्या जागी फक्त एक नारळ होता.

"साहेब, मुद्देमालात घ्यायचा?" हवालदारांनी विचारलं.

"प्रसादाचा आहे हो तो. फोडा. माणसं उपाशी बंदोबस्ताला उभी आहेत."

मोठा तुकडा अर्थातच मला मिळाला.

देवळासमोर तीन दुकानं होती. पिठाची गिरणी, चहाची टपरी आणि मोहल्ल्यातल्या एका चाचांचं सायकल दुरुस्तीचं. तिन्ही पहाटे उघडणारी. मी चाचांना चौकशीसाठी ताब्यात घेतलं.

दुपारपर्यंत गावात एकच बोलणं : चोर सापडला, मोहल्ल्यातला आहे. नगरसेवकाच्या तिकिटावर डोळा ठेवून असलेल्या एका स्थानिक पुढाऱ्याने लगेच जाहीर केलं, की संध्याकाळी महाआरती आणि तिथून मोर्चा, मोहल्ल्यातून. "देवी परत द्या, नाहीतर..." नाहीतरच्या पुढे तो बोलत नव्हता. ते लोक आपापल्या मनाने भरत होते. मोहल्ल्याच्या तोंडाशी पहिलंच घर चाचांचं. घरात बायको आणि दोन मुली.

तेवढ्यात माझा एक खबरी मागच्या दाराने आला. "साहेब, 'देवी परत द्या'चा कापडी फलक आमच्या आळीतल्या पेंटरने रंगवलाय. पण काल दुपारी. देवी तर आज पहाटे गेली ना?"

पेंटर साक्ष द्यायला तयार होणार नव्हता. म्हणून मोर्चाचा मार्ग ठरवायचं निमित्त करून मी पुढाऱ्याला ठाण्यात बोलावलं. तो आपल्या खास कार्यकर्त्याला घेऊन आला. कपाळभर गंध, आडवा बांधा. हा नुसता नाक्यावर उभा राहिला तरी दुकानांची शटरं खाली यायची असा त्याचा लौकिक.

चहा आला. बिस्किटं संपली होती, म्हणून हवालदारांनी उरलेलं खोबरं ताटलीत घालून आणलं. मी ताटली पुढे केली. "घ्या, देवीचंच आहे. तिच्या जागेवर नारळ होता ना, त्याचं."

पुढाऱ्याने तुकडा तोंडात टाकला. कार्यकर्ता ताडकन उठला.

"तो फोडलात? अहो, म्हणजे आईची जागा आत्ता रिकामी आहे?"

"खाली बस," पुढारी खोबरं चावत म्हणाला.

"बसू काय दादा? जागा रिकामी राहू नये म्हणून तर मी..."

पुढचं त्याने गिळलं, पण उशीर झाला होता. देव जागेवरून हलवला तर मागे नारळ ठेवतात, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही आजीला ठाऊक असतं. मला, नास्तिकाला, ते एका चोराकडून कळलं.

त्याला बाजूच्या खोलीत नेलं. मी आवाज चढवला. त्याच्यावर ढिम्म परिणाम नाही. मग विचारलं, "जेवलास का रे?"

"नाही. आई घरी परत जाईपर्यंत पाणी पण नाही." आणि तो रडायलाच लागला. "दादा म्हणाले, एका दिवसाचा प्रश्न आहे. आईच्याच कामासाठी आहे. साहेब, मला आत टाका, पण आधी तिथे नारळ ठेवायला माणूस पाठवा."

हवालदार नारळ घेऊन धावले. मुखवटा त्याच्या घरी सापडला, नव्या खणावर ठेवलेला, पुढे समई तेवत होती. दिवेलागणीला तो देवळात परत गेला. आरती झाली, मोर्चा निघालाच नाही. गुन्हा त्या कार्यकर्त्याने एकट्याने अंगावर घेतला, आणि पुढारी सुटला.

पुढे नोकरीत ज्यांना कट्टर म्हणतात अशी बरीच माणसं कोठडीत पाहिली. त्यातल्या बहुतेकांना कशाची तरी भीती होती, आणि त्या भीतीला हात घालता येत होता. पण त्यांना पुढे करून स्वतः स्टेजवर बसणाऱ्याला कसलीच नसते. त्या दिवशी ठाण्यात कुठलाच देव न मानणारे दोघेच होते, मी आणि तो पुढारी. दोघांनीही खोबरं बिनघोर खाल्लं.

चाचांना सोडताना मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. म्हटलं, "चाचा, मनात काही ठेवू नका. मी स्वतः कुठलाच धर्म मानत नाही."

त्यांनी चहाला हात लावला नाही. "मानत नाही म्हणता, साहेब. मग तीन दुकानांतून माझंच कसं दिसलं?"