लेकीला घेऊन सांगलीला

चौदा वर्षांच्या फौजेतल्या नोकरीत मी लेहपासून तेजपूरपर्यंत पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरलो. बर्फ पाहिलं, वाळू पाहिली. पण गेल्या थंडीत साडेचार वर्षांच्या लेकीला घेऊन सातारा ते सांगली एस.टी.नं निघालो, तेव्हा जेवढा घाबरलो तेवढा तिकडे कधी घाबरलो नव्हतो, हे आधीच कबूल करतो.

कारण असं. माझी बायको वैशाली दुसऱ्या बाळंतपणाला सांगलीजवळच्या माहेरी गेली होती. दुसरीही मुलगीच झाली. थोरली स्वरा माझ्या आईजवळ आमच्या गावी, साताऱ्यापासून तासाभरावर राहिली होती. अकरा महिन्यांनी मी सुट्टीवर आलो आणि आईनं फर्मान काढलं, की पोरीला तिच्या आईकडे पोहोचव, माझ्या गुडघ्यांना गाडी सोसत नाही.

रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर स्वरा मला 'पप्पा, पप्पा' करून किडलेला दात दाखवायची, फोनच्या काचेचे मुके घ्यायची. मी खरोखरीचा दारात उभा राहिलो तेव्हा मात्र आजीच्या पदराआड गेली. गावात सगळे मला फौजी म्हणतात, तीही तेच म्हणू लागली. "आजे, फौजीला चा दे." लोक हसायचे, मीही हसायचो. पण जिव्हारी लागायचं. सुट्टी संपायच्या आत तिनं एकदा मला तोंडावर पप्पा म्हणावं, एवढंच मला हवं होतं. नाहीतर पुढचे अकरा महिने पुन्हा त्या काचेतूनच.

नऊच्या गाडीसाठी मी आठलाच सातारा स्टँडवर हजर. आई निघतानाच म्हणाली होती, "आरं, पोरीला काय परेडला नेतुयास?" सामान यादी करून भरलं होतं. पाण्याच्या दोन बाटल्या, टॉर्च, औषधं, दोरीसुद्धा. कंगवा तेवढा विसरलो. स्टँडवरच स्वराची एक वेणी सुटली. मी ती घालायला घेतली आणि अशी काही गाठ मारली की तंबूला शोभली असती. तिनं डोकं बाजूला घेतलं.

गाडीत तिला खिडकी दिली. बसल्याबरोबर तिनं आपली पिशवी आम्हा दोघांच्या मधे ठेवली. माझं अर्धं आयुष्य सीमेवर गेलंय, त्यामुळे मला ती सीमा लगेच ओळखता आली आणि मी अलीकडेच बसलो.

गळिताचा हंगाम होता. हायवेवर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर डुलत चालले होते आणि आमची गाडी त्यांच्यामागे गोगलगायीसारखी. एरवी मी वैतागलो असतो. स्वरा मात्र ट्रॉल्या मोजत होती. बाराच्या पुढे तिला येत नव्हतं, म्हणून ती पुन्हा एकपासून सुरू करायची. मला मदत करावीशी वाटली, पण सीमेपलीकडे कसं जाणार?

कराडला गाडी थांबली. पोरीला हलकंच काहीतरी दे, असं आईनं बजावलं होतं. मी गरम वडापाव दिला. तिनं आवडीनं खाल्ला म्हणून दुसराही दिला. कराड सोडून पंधरा मिनिटं होतात न होतात तोच ते सगळं माझ्या पँटवर आलं.

पुढच्या बाकावरच्या काकू वळल्या. साठीच्या असतील. साताऱ्याला लेकीकडे जाऊन आष्ट्याला परत निघालेल्या, जैन शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांनी स्वराचं तोंड पुसलं, पिशवीतून आवळ्याची सुपारी काढून तिच्या हातावर ठेवली आणि सहज विचारलं, "बाळ, ह्ये कोण गं तुजं?"

"फौजी," स्वरा म्हणाली.

"आन् पप्पा कुठं हाईत?"

"फोनवर."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी जन्मात विसरणार नाही. "आवं, पोरगी कुनाची म्हनायची ही?"

"माझीच," मी म्हणालो. आपल्याच लेकीबद्दल हे सांगताना माझा आवाज कापला, आणि कापलेल्या आवाजावर कोण विश्वास ठेवणार? मागचे दोघे उभे राहिले. कंडक्टर बाई आल्या. "दादा, पोरीचं आधार कार्ड काढा बघू." टॉर्च होती, दोरी होती, आधार कार्ड नव्हतं. माझं ओळखपत्र दाखवलं. "ह्ये तुमचं झालं. पोरीचं?" मोबाईलमधला फोटो दाखवला, मांडीवर आठ महिन्यांची स्वरा. बाई म्हणाल्या, "एवढं बाळ कुनाचंबी असंल." घामानं मी भिजून गेलो. वैशालीला फोन लावला, तो लागेना.

तेवढ्यात काकूंनाच सुचलं. "पोरगी पप्पासंगं फोनवर बोलती नव्हं? मग लावा की तिच्या पप्पाला फोन, माज्या फोनवरनं. नंबर सांगा."

मी नंबर सांगितला. त्यांनी दाबला, आणि माझ्याच खिशात रिंग वाजली. अर्धी गाडी हसली. काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हितं नगं. मागच्या शिटावर जावा आन् बोला. बगू पोरगी काय म्हनती."

काकूंनी आपला फोन स्वराच्या हातात दिला, आणि मी शेवटच्या बाकावर जाऊन माझा उचलला.

"पप्पा!" तोच आवाज, रोज संध्याकाळचा. "मला फौजी आईकडं न्यायलाय."

"व्हय? कसा हाय गं फौजी?"

"बरा हाय. पर लय गप बसतोय. आन् येनी वडून बांधतोय. तुमी सांगा त्याला."

"तूच सांग की."

"मला लाज वाटती," ती हळूच म्हणाली. मग, "पप्पा, तुमी कवा येनार?"

मी म्हणालो, "स्वरा, मागं बघ."

ती बाकावर गुडघ्यांवर उभी राहिली. माझ्याकडे पाहिलं, हातातल्या फोनकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. मी हात हलवला.

"पप्पा," ती फोनमध्येच म्हणाली, "तुमी बसमदी हाय?"

"व्हय."

"मग हिकडं या की. फौजीच्या जाग्यावर बसा."

मी गेलो. तिनं मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि माझ्या दंडाला टेकली. काकूंनी डोळ्याला पदर लावला आणि तिच्या हातातून आपला फोन सोडवून घेतला. "द्या बाई माजा फोन, न्हाईतर सांगली येस्तोवर बोलत बसशीला."

कंडक्टर बाई म्हणाल्या, "दादा, राग धरू नगा." राग कसला? वर्षाचे अकरा महिने मी लेकीपासून दोन-अडीच हजार किलोमीटर लांब असतो. तिच्यासाठी अनोळखी माणसांची अख्खी गाडी माझ्याविरुद्ध उभी राहिली, यापेक्षा जास्त मला काय हवं? मी त्या सगळ्यांचा ऋणी आहे, आणि आष्ट्याला उतरताना काकूंच्या पाया पडलो ते काही रीत म्हणून नव्हे.

आष्ट्याच्या पुढे उसाबरोबर हळदीची रानं दिसू लागली. पानं सुकून पिवळी पडलेली, कुठे काढणीही सुरू झालेली. स्वरानं विचारलेल्या प्रत्येक झाडाचं, बैलाचं, पाटाचं नाव मी सांगितलं. आता तोंड बंद करायची माझी टाप नव्हती. सांगलीला उतरून भडंग (चुरमुऱ्यांचा तिखट-लसणी चिवडा) घेतलं, रिक्षा केली. सासुरवाडीच्या दारात ती आईकडे धावत सुटली आणि ओरडली, "आई, पप्पा बसमदी गावलं!"

वैशालीनं माझ्या पँटकडे पाहिलं आणि काय घडलं असेल ते तिला अर्धं कळलं.

पुढचे सहा दिवस सासुरवाडीला काढले. सगळं गोडीगुलाबीत गेलं असं नाही. तिसऱ्या दिवशी स्वरानं पाळण्यातल्या बाळाला चिमटा काढला आणि मी मैदानावरच्या आवाजात ओरडलो. बाळ रडलं, स्वरा रडली, शेजारची म्हैस दावं ताणून उभी राहिली. "तू फौजीच हायस!" असं म्हणून तिनं दिवसभर अबोला धरला. सासूबाईंनी मला कंगवा आणून दिला, "आवं, येनी घाला म्हंजी बोलंल." चौथ्या प्रयत्नाला वेणी सरळ आली, आणि ती बोलली. वेणी घालायला शिकवणाऱ्या सासूबाई सगळ्या जावयांना मिळोत.

सातव्या दिवशी आईचा फोन आला. कारखान्याची तोड (ऊसतोडणीची पाळी) आपल्या रानावर उद्या येणार, ये. मी निघालो. आमच्याकडे जावई निघतो तो असा तसा निघत नाही. मला पाटावर बसवून टॉवेल-टोपी केली, नारळ दिला, गल्लीतली माणसं निरोपाला आली. स्वरा अंगणात सागरगोटे मांडून बसली होती. तिला सांगून निघालो, तर तिनं मानही वर केली नाही. मला वाटलं, बरं झालं, रडली नाही.

आष्टा येईपर्यंत वैशालीचा फोन आला. पडद्यावर स्वरा.

"पप्पा, कुठं हाय तुमी?"

"बसमदी. आता रोज फोन करणार बघ, पहिल्यासारखा."

तिचा ओठ थरथरला. "फोनवरचं नगं. बसमदलं पप्पा पायजेत."

मी कंडक्टरला हाक मारली आणि आष्ट्याला उतरलो. चुलतभावाला फोन करून तोडीकडे बघायला सांगितलं. "गड्या, जा तू. ऊस काय पळून जात न्हाई," तो म्हणाला. त्याचेही उपकार. रस्ता ओलांडून सांगलीची गाडी धरली.

वाजतगाजत निरोप दिलेला जावई तीन तासांत टोपी घालून, नारळ हातात घेऊन परत येताना गल्लीनं पाहिला. सासूबाईंनी कपाळाला हात लावला, "आगं बया, काय इसरलं?" मेहुणा तर हसून हसून बेजार झाला. सुट्टीचे उरलेले दिवस आता इथेच, या दोन पोरींत काढायचे, असं मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं.

अंगणात स्वरा अजून सागरगोटेच खेळत होती. धावत येईल, गळ्यात पडेल, असं सबंध रस्ता मी मनात धरून आलो होतो. तिनं एकदा वर पाहिलं, "आला व्हय," म्हणाली, आणि पुढचा डाव टाकला.

घरच्या माणसाकडे मुलं एवढंच बघतात.