विहिरीवरचा उंबर

उंबराच्या मुळ्या दर दोन वर्षांनी कापाव्या लागतात. उथळ कुंडीतून झाड बाहेर काढायचं, मुळांतली माती काडीने मोकळी करायची आणि जाड मुळ्या कात्रीने निम्म्या करायच्या. कापलं की पांढरा चीक येतो. तो सुकेपर्यंत थांबायचं. गेल्या माघात एका रविवारी सकाळी यवतमाळच्या घराच्या गच्चीवर मी हेच करत बसलो होतो. अशी अकरा बुटकी झाडं आहेत माझ्याकडे. फांद्यांना वळण देण्यासाठी लागणारी तांब्याची तार लोहारा भागातल्या मोटार वाइंडिंगवाल्याकडून आणतो. कठड्यावर रेडिओ होता, जुन्या गाण्यांचा कार्यक्रम चालू होता.

एक गाणं लागलं आणि माझा हात थांबला. ते अक्काचं गाणं होतं.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. आमचं शेत मारेगावकडे. कापूस वेचायला आई, अक्का, चार मजूर बायका आणि सुटीच्या दिवशी मी. रेडिओ धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीला टांगलेला असे. वेचत वेचत ओळ पुढे सरकली, आवाज पुसट झाला, की अक्का पळत जाऊन रेडिओ पुढच्या झाडाला टांगून येई. फर्माइशींत हे गाणं लागलं की ती कमरेच्या ओटीत कापूस कोंबत निवेदकाच्या आवाजात सांगे, "हे गीत ऐकू इच्छितात मारेगाववरून अक्का, अक्काची म्हैस आणि म्हशीचं वगार." बायका हसत. आई म्हणे, "तोंड कमी चालव, हात चालव."

सातवीनंतर तिची शाळा सुटली. तालुक्याला शिकायला एकालाच पाठवता येत होतं. मी गेलो. याचं मला तेव्हा काही वाटलं नाही, हेही सांगून टाकतो.

पहिल्या वेचणीच्या दिवशी आमच्याकडे सितादही करतात. बोंडं फुटलेल्या पऱ्हाटीच्या झाडापाशी दहीभाताचा नैवेद्य ठेवायचा, मग तो भात चारही धुऱ्यांकडे शिंपडायचा, त्यानंतरच बोंडाला हात लावायचा. आई गेल्यावर हे काम अक्काने आपल्याकडे घेतलं. लग्न होऊन ती उमरखेडकडे गेली होती, तरी दर वर्षी दह्याचा डबा घेऊन दोन एसट्या बदलून यायची. वडील थकले तसं शेत मी ठोक्याने, वर्षाच्या ठरावीक रकमेवर, कसायला दिलेलं. तिथल्या कापसाशी आमचा दोघांचा एवढाच संबंध उरला होता.

वडील वारले आणि सातबाऱ्यावर आमची दोघांची नावं चढली. त्याच सुमाराला कापसाचे दिवस फिरले. भाव पडले, बोंडअळी आली, गावागावांतून वाईट बातम्या येऊ लागल्या. मी नोकरीत होतो, माझा पगार सुरू होता. मला यवतमाळात घर बांधायचं होतं. गिऱ्हाईक भेटलं, बोलणं पक्कं झालं, आणि त्यानंतर एक महिन्याने मी अक्काला हक्कसोडीवर सही करायला बोलावलं. तिला म्हणालो, विहिरीवर विजेचं कनेक्शन घ्यायचं आहे, एका नावावर असलं की सोपं जातं. शेत आपलं दोघांचंच राहील.

बहिणी हक्क सोडतात, भाऊ साडीचोळी करतो, हे आमच्याकडे इतकं रुळलेलं आहे की रजिस्ट्री ऑफिसातल्या कारकुनाने मान वर करूनही पाहिलं नाही. अक्काने मात्र कागद हातात घेतला.

"मले वाचू दे न बापू. सातवी शिकली हाय मी."

तिला अडवायला माझ्याकडे एकच वाक्य होतं. ते मी वापरलं.

"वाचून कायले पाह्यतं? माह्यावर भरवसा नाही का?"

"असं कायले म्हणतं रे," ती म्हणाली, आणि तिने सही केली. बाहेर आल्यावर मी तिला साडी घेऊन दिली. रंग तिनेच निवडला.

दसऱ्यानंतर ती नेहमीसारखी डबा घेऊन थेट शेतावर गेली. मी तिला कळवलंच नव्हतं. शेताला तारेचं कुंपण झालं होतं, आत नव्या मालकाचा माणूस होता. तिने त्याच्याकडून सगळं ऐकलं, तिथूनच दुपारच्या एसटीने परत गेली आणि रात्री फोन केला. ती काही विचारायच्या आत मी म्हणालो, "नाइलाज झाला, अक्का."

त्या वर्षांत एवढं म्हटलं की पुढे कोणी विचारत नसे. आमच्या भागात खरोखर नाइलाज झालेली इतकी माणसं होती की त्यांच्यात मी सहज मिसळून गेलो. त्यांच्या दुःखाआड लपलो, असं म्हणणं जास्त खरं आहे.

"असू दे," अक्का म्हणाली. "जिवाले लावून घेऊ नको."

ताबा देण्याआधी विहिरीच्या दगडांतून उंबराचं एक वीतभर रोप मी उपटून आणलं होतं. त्याचंच हे झाड. दोन वर्षांनी अक्का घरी आली तेव्हा त्याच्यापाशी बराच वेळ उभी राहिली.

"आपल्या विहिरीवरचा हाय का?"

"हो."

"याले वाढू काहून देत नाहीस?"

कुंडीत असंच ठेवतात, असं काहीतरी मी पुटपुटलो. तिने विषय सोडला.

त्या रविवारी गाणं संपलं. मी हात धुतले, तिला फोन लावला आणि सगळं सांगितलं. बोलणं आधी पक्कं झालं होतं, विजेचं कनेक्शन खोटं होतं, नाइलाज नव्हता. मध्ये थांबलो असतो तर पुढे बोललो नसतो, म्हणून एका दमात सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं.

"हे आता मले कायले सांगून राह्यला?"

"माफ कर, अक्का."

"इतकी वर्षं मी सासरी सांगत आली का माह्या भावाचा नाइलाज झाला. जाऊबाई टोमणे मारे, तिच्याशी भांडली मी तुह्यासाठी. तू आता हलका झाला असशील. मी काय करू याचं, ते सांग."

भाकरी तव्यावर आहे म्हणून तिने फोन ठेवला.

यंदा राखीला ती आली नाही. टपालाने राखीचं पाकीटही आलं नाही. दुपारी जेवायला वाढताना बायकोने विचारलं, "अक्का काहून नाही आल्या?" मी तिलाही पहिल्यांदाच सगळं सांगितलं. शेत विकलं हे तिला माहीत होतं, कसं विकलं ते नव्हतं.

ती वाढायची थांबली. "म्हणजे या घरात अर्धा वाटा त्याईचा हाय."

"हो."

"हे बोलले का त्याईले?"

"नाही," मी म्हणालो. "माफी तेवढी मागितली."