इनास न्हाव्याच्या जळवा

भूतखेत, करणी, भानामती यातलं मी काहीही मानत नाही. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलंय आणि अमावास्येला खुशाल केस धुतलेत. मी मानते ती फक्त किळस. भातात केस निघाला की माझं जेवण संपलं. चहाचा कपसुद्धा माझा वेगळा, त्याला दुसऱ्या कोणी तोंड लावलेलं मला चालत नाही. "सोवळंबिवळं काही नाही हो, हिला नुसती किळसच फार," असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. अशा बाईच्याच वाट्याला नेमका हा अनुभव यावा, हेही एक नवलच.

१९८८च्या सुमाराची गोष्ट. आम्ही सिल्वासात भाड्याने राहायचो. मी शाळेत आणि हे मसाटला एका कारखान्यात फिटर. दोन खोल्या, मागच्या खिडकीतून ख्रिश्चनांची जुनी दफनभूमी दिसायची. घरमालकीण मारियाआंटी सत्तरीच्या, पोर्तुगीज अमदानीत तिथेच जन्मलेल्या.

पाऊस नुकताच संपला होता आणि ह्यांचा उजवा अंगठा प्रेसमध्ये सापडला. डॉक्टरांनी शिवला, पण तिसऱ्या दिवशी तो सुजून वांग्यासारखा जांभळा झाला. पट्टी सोडली की वास यायचा. मी श्वास रोखून ती बदलायची. "रक्त आत जातंय, पण बाहेर पडत नाहीये. उद्यापर्यंत असाच राहिला तर काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले. फिटरचा उजवा अंगठा! पाना धरणार कशाने, आणि नोकरीवर ठेवणार कोण? हे नुसते भिंतीकडे तोंड करून पडले.

मी पायरीवर रडत बसले होते. मारियाआंटी शेजारी येऊन टेकल्या. "टीचर, आपला इनास असता ने, तर अर्ध्या दिवसात काम करून दिलं असतं."

इनास म्हणजे दफनभूमीच्या कोपऱ्यातलं थडगं, वस्तरा आणि बरणी कोरलेलं. तिकडे विलायतेत व्हिक्टोरिया राणी गादीवर होती, त्या काळातला हा साधा न्हावी. दमणहून आलेला. सकाळी दाढ्या करायचा, दुपारी दात उपटायचा, गळवं फोडायचा आणि साकळलेलं रक्त काढायला जळवा लावायचा. जळवांची बरणी उशाशी! गिऱ्हाईक नसलं की त्या उपाशी मरू नयेत म्हणून स्वतःच्या पोटरीला लावून घ्यायचा... ऐकूनच मी पदर तोंडाला लावला.

"अख्खा गाव त्याच्या हाताने बरा झाला," आंटी म्हणाल्या, "पण कोणी त्याला भांडं नाय दिलं. पाणी मागितलं तर वरून ओतायचे. मोठेमोठे साहेब मागच्या दाराने बोलवायचे, ने चर्चमध्ये ओळख पण नाय. बायको ताट दारातून सरकवायची."

"बरोबरच आहे तिचं," मी म्हटलं. "मी तर अंगणात उभं केलं नसतं."

आंटी "मेणबत्ती लावून येते त्याला," म्हणत उठून गेल्या.

दुपारी रजा वाढवून घ्यायला मला शाळेत जावंच लागलं. हे औषधाच्या गुंगीत, म्हणून बाहेरून कुलूप घातलं. किल्ली माझ्या पर्समध्ये. परत आले तेव्हा कुलूप जसंच्या तसं होतं. दार उघडलं आणि वासाने मागेच सरले... डबक्यातल्या गाळाचा, शिळ्या रक्ताचा, आणि या सगळ्यावर दाढीच्या साबणाचा.

चादरीवर काळंकुट्ट रक्त. खाली पातेलं - माझं आमटीचं पातेलं! - आणि त्यातल्या पाण्यात चार जळवा. टपोऱ्या जांभळाएवढ्या फुगलेल्या, पिऊन सुस्त झालेल्या. एक तेवढी तोंड वर करून काठ चाचपत होती. मी मोरीत जाऊन भडाभडा ओकले.

तोंड धुऊन आले तर हे उठून बसलेले. अंगठा चक्क गुलाबी! त्यावर तीन टोकांच्या बारीकशा जखमा, अजून पाझरणाऱ्या.

"डॉक्टरांनी कंपाउंडर पाठवला होता," हे म्हणाले. "म्हातारा होता. हात मात्र एकदम हलका."

"आत कुठून आला तो?"

"काय माहीत. डोळे उघडले तेव्हा इथेच बसला होता. सगळं झाल्यावर पाणी मागितलं आणि ओंजळ करून उभा राहिला. वरून ओता म्हणाला. मला कसंतरीच झालं गं. म्हटलं, अहो, माणूस आहात ना तुम्ही? समोर तुझा कप होता, तोच भरून दिला."

"माझा कप?"

"प्यायला नाही लगेच. कितीतरी वेळ नुसता हातात धरून बसला."

डॉक्टरांनी कोणालाही पाठवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अंगठा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "रंग परत आलाय, थांबू या." अंगठा वाचला. नख वाकडं आलं, एवढंच. जळवा मारियाआंटींनी पातेल्यासकट नेऊन डबक्यात सोडल्या. ते पातेलं मी काही परत घेतलं नाही.

कोणी वैदू शिरला म्हणावं, तर कुलपाचं काय? खिडकीला गज होते. ह्यांना गुंगीत भास झाला म्हणावं, तर भासाबरोबर जळवा येत नाहीत. इतकी वर्षं डोकं खाजवतेय, उत्तर सापडलेलं नाही.

तो कप घरात आहे. राखेने घासला, उकळत्या पाण्यात टाकला, तरी मला त्यातून पिववत नाही. दोनदा फेकायला उचलला आणि दोन्ही वेळा परत फळीवर ठेवला. हे रोज सकाळी त्यातूनच चहा घेतात, त्याच अंगठ्याने कान धरून. समोर बसून मला अजूनही मळमळतं, सरळ सांगते. पण तो कप मी कामवालीला धुवायला देत नाही. मीच धुते.