फॉरवर्ड मुलगी
पेट्रोल आणि खाऱ्या पाण्याचा वास एकत्र आला की मला गोराईची ती दुपार आठवते. ऐंशीच्या दशकाची अखेर होती, आम्ही बोरिवलीला राहायचो. मुलगा घरी येऊन मला बघून गेला होता आणि पसंती कळवण्याआधी एकदा बाहेर भेटावं असं ठरलं, म्हणून तो आणि त्याची मोठी बहीण मला किनाऱ्यावर घेऊन गेले. तिथे नुकतीच वॉटर स्कूटर आली होती. "बसा ना, मजा येईल," तो म्हणाला. "आणि तुम्ही?" "नको, मला पाण्याची भीती वाटते." त्याने ते इतकं सरळ सांगितलं की मला तो आवडलाच. स्कूटर चालवणारे कोळीकाका माझ्या वडिलांच्या वयाचे होते. "घट्ट धर गो पोरी, नायतर परशील!" मी त्यांची कंबर धरली. लाटेवरून उडालो तेव्हा तोंडावर पाणी आलं आणि मी, वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत देणारी, गळा फाडून ओरडले, हसले. परत आले तेव्हा तोही हसत होता. बहीण मात्र माझ्या ओल्या ड्रेसकडे बघत होती. आठवड्याने निरोप आला, "मुलगी चांगली आहे, पण फारच फॉरवर्ड वाटली." आई माझ्यावरच चिडली, "कॉन्व्हेंटमध्ये घातलं ना तुला, भोग आता!" पुढच्या स्थळासमोर मी मान वर केली नाही आणि तिथेच जमलं. आता सासूबाई आल्यागेल्याला कौतुकाने सांगतात, "आमच्या सुनेचा घरात आवाज म्हणून येत नाही हो."