दाराकडे बघणारा गणपती

पेणच्या कारखान्यात आई गणपतीचे डोळे आखायची. आठवीत शाळा सुटली तेव्हा तिनेच मला शेजारी बसवून ब्रश धरायला शिकवलं. आज मस्कतला रंगकाम करून जगतोय, ते तिच्यामुळेच.

डोळे आखताना ती मूर्तीसमोर कुणाला उभं राहू द्यायची नाही, फक्त मातीचा उंदीर ठेवायची. "खोडकर हाय बाप्पा. डोळं उघडल्यावर उंदीर दिसला नाय तर शोधायला पळंल," म्हणायची.

आता काचबिंदूने तिची नजर चाललीय. यंदा मालकांनी तिचं काम थांबवलं. तिने आखलेली शेवटची छोटी मूर्ती गावच्या माणसाबरोबर माझ्याकडे आली. उजवा डोळा बाजूला वळलेला होता.

मी घाबरून फोन केला. "आई, डोळ्यात थेंब घालतेस ना गो?"

"घालते रे. डोळा वाकडा झाला ना? मालक पण बोलले." ती हसली. "वाकडा नाय तो. त्याला सांगितलंय, दाराकडं बघत बस, पोरगा घरी यायला कधी निघतो बघ."

मग हळूच म्हणाली, "मला दिसतंय तवर ये."

"व्हय," म्हणालो. सुट्टीचं अजून कुणाला विचारलेलंही नाही.