शहरबानोबाईंची दिव्याची पाटी

शहरबानो नोकरीला लागली ती १९९८ साली, मोखाड्याकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत. जव्हारहून सकाळची एसटी पकडायची, फाट्यावर उतरायचं आणि पाऊण तास डोंगर चढायचा. पाड्यावरची पोरं तिला अर्ध्या वाटेत गाठत आणि शाळा येईपर्यंत त्यांची बडबड थांबत नसे. पण वर्गात बसली आणि प्रश्न विचारला, की सगळी आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत.

शहरबानोला त्याचा राग येत नसे. पुस्तकातली मराठी त्यांच्या घरची नव्हती. तिच्याही घरची नव्हती. पहिलीत असताना एक शब्द चुकला म्हणून वर्ग हसला होता, त्यानंतर ती दिवाळीपर्यंत तोंड उघडत नव्हती.

तिचे अब्बा, अफजलभाई, जव्हारच्या बाजारात रेडिओ आणि बॅटऱ्या दुरुस्त करत. एका रविवारी ती दुकानात जाऊन बसली आणि म्हणाली, "अब्बा, माझ्या तोंडाकडे न बघता पोरांना कळलं पाहिजे, बरोबर की चूक."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर काहीच होऊ नये. कुणी हसू नये, कुणी ओरडू नये. परत करून बघता यावं."

अफजलभाईंनी संध्याकाळपर्यंत प्लायवूडची एक पाटी तयार केली. डावीकडे आठ प्रश्नांच्या चिठ्ठ्या, उजवीकडे आठ उत्तरांच्या, प्रत्येकीशेजारी एक स्क्रू. मागून वायरींनी जोड्या बांधलेल्या. पुढे दोन मोकळ्या वायरी लोंबत होत्या. एक प्रश्नाच्या स्क्रूला टेकवायची, दुसरी उत्तराच्या. जोडी जमली की वरचा छोटा दिवा लागे.

सोमवारी मधली सुट्टी झालीच नाही. पोरं रांग मोडून पुढे घुसत होती, दिवा लागला की नाचत होती, नाही लागला तर पुन्हा रांगेच्या शेवटी पळत होती. आठवड्याभरात सगळ्या वर्गाची सगळी उत्तरं बरोबर यायला लागली. शहरबानो हरखून गेली. तिने नव्या चिठ्ठ्या लावल्या आणि तिसरीतल्या गोदीला बोलावलं. गोदीने पाटीकडे धड न बघताच वायरी टेकवल्या. दिवा लागला.

"कुठला प्रश्न होता गं?" शहरबानोने विचारलं.

गोदी पायाच्या अंगठ्याकडे बघू लागली. तिला तो वाचताच आला नव्हता. पोरांनी प्रश्न नव्हे, जागा पाठ केल्या होत्या. वरून तिसरा तर खालून दुसरा.

एसटीत बसेपर्यंत शहरबानो पार हिरमुसली होती. मग घाट लागला आणि तिला एकटीलाच हसू फुटलं. आठ जोड्या, न वाचता, बत्तीस पोरांनी डोक्यात पक्क्या केल्या होत्या. आणि ही पोरं मठ्ठ आहेत असं तिला आधीच्या गुरुजींनी सांगितलं होतं.

अफजलभाईंनी मागच्या वायरींना चिमटे लावून दिले. आता जोड्या रोज बदलता येऊ लागल्या. पहिल्या दिवशी पोरांनी पाटी बिघडली म्हणून तक्रार केली. दुसऱ्या दिवशी गोदी चिठ्ठीवर बोट ठेवून एकेक अक्षर लावत बसली. दिवाळीच्या आत ती घडाघडा वाचू लागली, आणि मग तिने बाईंना विचारलं, आमचे प्रश्न कधी लावायचे?

तेव्हापासून शुक्रवार पोरांचा झाला. कुठल्या पाखराचं घरटं जमिनीवर असतं, नागली लावायला कुठलं रान चांगलं, असले प्रश्न. काही शब्द त्यांच्या बोलीतले. शहरबानो तसेच लिहू देत असे.

अशाच एका शुक्रवारी शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी तपासणीला आले. पाटी बघून खूश झाले आणि स्वतःच वायरी हातात घेतल्या. प्रश्न गोदीचा होता: खेकड्याची मादी कशावरून ओळखायची? साहेबांनी 'नांगीवरून' निवडलं. दिवा लागला नाही. त्यांनी वायर पुसली, पुन्हा टेकवली आणि सेल संपला असेल म्हणाले.

गोदी उभी राहिली. वर्गात परक्या माणसासमोर ती पहिल्यांदाच बोलत होती.

"सेल बेस हाय, साहेब. तुमचा उत्तर चुकला."

साहेब खो खो हसले. मादीच्या पोटावरची झाकणी रुंद असते, हे गोदीने त्यांना हाताने दाखवून समजावलं. त्यांनी वायर त्या उत्तराच्या स्क्रूला टेकवली. दिवा लागला तेव्हा सगळ्या पोरांनी साहेबांसाठी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या महिन्यात आसपासच्या शाळांमधल्या शिक्षकांच्या संमेलनात पाटी दाखवायचं पत्र आलं. शहरबानो गोदीला आणि तिच्या आईला, नवशीला, घेऊन गेली. तिने पाटीची माहिती दोन मिनिटांत संपवली आणि बाजूला झाली. मग चाळीस गुरुजी आणि बाई रांगेत उभे राहिले, गोदीच्या प्रश्नांवर अडले, एकमेकांना हळूच उत्तरं विचारू लागले. जो कुणी शेजाऱ्याला उत्तर विचारे, त्याला गोदी रांगेच्या शेवटी पाठवत होती. नवशी भिंतीला टेकून पदर तोंडाला लावून हसत होती, आणि ते गुरुजी मुकाट्याने मागे जाऊन उभे राहत होते.